बदलीचा रकाना

चषक गेला पाळंद्याच्या डावऱ्या पोराकडे.
नऊ विकेट.
मुरादच्या नावापुढे तीन,
माइकवर तेवढंच वाचलं
आणि लगेच नारळाची लिलावबोली सुरू झाली.

मी बर्फाच्या कारखान्यातला कारकून.
पहाटे लाद्या मोजून देतो.
ट्रक खेडच्या रस्त्यात पंक्चर झाला,
लादी अर्धी उरली,
तर ते पाणी कारखान्याच्या वहीत चढत नाही.
गळती ज्याची त्याच्या नावावर.
हीच रीत मी मैदानात नेली,
दुसरी मला येत नाही.

हर्णैचं मैदान समुद्राकडे उतरतं.
त्या बाजूची सीमा अकरा पावलं आखूड,
तिथे होड्या ओढून ठेवलेल्या असतात.
तिकडचा षटकार मी साडेचार लिहितो.
सिकंदरने सोडलेले पाच झेल
सिकंदरच्या खात्यात.
(तो बोलत नाही माझ्याशी, चालायचंच.)
भरतीबरोबर वारा फिरतो,
टेनिसचा चेंडू दव पितो,
त्या ओव्हरींना वजन वेगळं.
असं सगळं सोलत गेलं की
आत उरतो तो मुरादचा:
अंगठ्यावर पडणारा यॉर्कर,
कोरे गेलेले चेंडू,
त्याचे स्वतःचे वाइड,
आणि ज्यांना कुणाचाच हात पुरला नसता
असे सात षटकार.

पण एकट्याचा आकडा मुका असतो.
कशाच्या पुढे ठेवायचा?
म्हणून एक रकाना आखला: बदली.
माणूस कमी पडला की
धक्क्यावर जाळं शिवत बसलेल्या ज्याला
"ए, उठ, दोन ओव्हर टाक" म्हणतात,
तो.
पाच वर्षांत असे एकवीस जण झाले.
कुणी लुंगी खोचून आला,
एकाच्या हाताला बांगड्याचे खवले होते.
त्या सगळ्यांची सरासरी
ओव्हरला तेरा.

मुरादची साडेआठ.
बावीस ओव्हर, नव्याण्णव धावा.
आमच्याकडे चाळीस धावांना एक सामना पडतो.
म्हणजे अडीच सामने.

त्याला सांगितलं तेव्हा तो इंजिनाला तेल देत होता.
"अर्धा सामना कसा जिंकतात, काका?"
मी म्हटलं, तो अर्धा तुझा,
अर्धा देवाचा.
वहीत असं काही लिहिलेलं नाही,
पण तोंडातून गेलं.

पुढच्या मोसमात तो कुवेतला.
त्याच्या जागी प्रभाकर पावशाचा विशू,
जाळ्यावरूनच उठवलेला.
आम्ही गेल्या वेळेपेक्षा चार सामने जास्त हरलो.
चारातून अडीच गेले, दीड.
हा दीड मी चार महिने शोधतोय.
नशीब असेल, सामनेच केवढे.
की तो मिड-ऑनवरून सिकंदरला
"दोन पावलं मागं" म्हणायचा, ते?
त्याला रकाना कुठे आहे?
की पहिल्या चेंडूआधी
समोरचा बॅट बदलून यायचा, ते?
रात्री कारखान्याचा पंप सुरू असतो,
मी खोडतो, परत बेरीज मारतो.

आणि यंदा विशू सुधारला.
दहाने टाकतो.
त्याच्यामागे धक्क्यावरची आणखी तीन पोरं
यॉर्कर शिकली, भिंतीवर कोळशाचे स्टंप काढून.
बदलीचा रकाना वर सरकला.
त्या नव्या मापाने मुरादचे तेच बावीस ओव्हर
तेहतीस धावांचे.
एक सामनाही भरत नाही.
त्याने काहीच केलं नाही,
तो तिकडे लिफ्ट दुरुस्त करतोय,
आणि इथे त्याची लादी वितळली.

शुक्रवारी त्याचा फोन येतो.
आईचं विचारतो, सुरमईचा भाव विचारतो,
मग जरा थांबून,
हसल्यासारखं करत:
"माझं किती होतं हो काका, ते?"

वही समोर उघडीच असते.
मी म्हणतो, अडीच.